मोठ्या आतड्याची शिलाई

नाही, मला सांगा, माणसानं घरी जेवायचं की परीक्षा द्यायची? घास तोंडात घातला रे घातला की समोरून लेकीचा आवाज, "बाबा, गिळू नका! लाळेतल्या विकरांना काम करू द्या!" विकर म्हणजे काय, तर म्हणे अन्न फोडायला मदत करणारी द्रव्यं... करू देत बापडी! मी चावतोय, चावतोय, घास केव्हाच संपला, मी आपला नुसताच चावतोय! मग, "आता ग्रासनलिका... आता जठर..." अहो, रात्री कूस बदलताना वाटायला लागलं, उठून बसावं, नाहीतर भाजी वाट चुकायची! झोप गेली माझी. पण म्हटलं, माझं काय व्हायचं ते होऊ दे, घास पुढे गेला पाहिजे!

तुम्हाला सांगतो, मी साधा उशा-गाद्यांची कव्हरं नि लोड शिवणारा माणूस. माझा आतड्यांशी संबंध काय? संबंध एवढाच, की आमची लेक घरात मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बोलते, आणि वर्गात? तोंडात मिठाची गुळणी! गेल्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "पचन कुठून सुरू होतं?" उत्तर होतं "तोंडातून", आणि हिनं नेमकं तेच उघडलं नाही! नापास. विज्ञानाच्या बाई मला म्हणाल्या, "फेरपरीक्षेत बोलली नाही तर वर्ष गेलंच समजा हं. तिच्या हाताला काहीतरी द्या. हात चालले की तोंड चालतं."

हाताला काहीतरी? अहो, मी अख्खी पचनसंस्था शिवली! सोफ्याच्या मखमलीचं जठर. रेक्झिनचं यकृत. उरलेल्या अस्तराची पिवळी पिशवी, ते पित्ताशय. लहान आतडं आतून टॉवेलच्या कापडाचं, कारण लेक म्हणाली, "बाबा, आत बारीक बारीक बोटांसारखे उंचवटे हवेत, तिथंच अन्नरस शोषला जातो." आणि मोठं आतडं पडद्याच्या कापडाचं. बायको दारात उभी, "गिऱ्हाईक पडदे मागतंय, काय सांगू? आतड्यात गेले म्हणून सांगू?" म्हटलं, सांग! लाल रबरी चेंडू म्हणजे घास. वरून तोंडात टाकायचा, मागून दाबायचं, पुढे सरकवायचं, शेवटी खाली टोपलीत टप्प! दहादा करून बघितलं. दहादा टप्प! लेक हसायची, मीही हसायचो. काही झालं तरी घास पुढे गेला पाहिजे!

आणि परीक्षेच्या दिवशी सकाळी... कुठून बुद्धी झाली! निघता निघता बघतो तर मोठ्या आतड्याच्या शेवटाला दोरे लोंबतायत. माझ्या लेकीच्या हातात लोंबते दोरे? बघणारे काय म्हणतील! घेतलं मशीनवर, टर्रर्र! दोन टिपा मारल्या, गाठ दिली, दोरा दातानं तोडला, वर हातानं थोपटलंसुद्धा.

आता तुम्हीच सांगा, ज्यानं जन्मभर लोड शिवले, त्याच्या हातात लांब नळी आली की तो काय करणार? टोक बंद करणार! माझ्या डोक्यानं नाही हो केलं, हातानं केलं!

मी वर्गाच्या दाराशी उभा. परीक्षकांचा आवाज हा असा, पिंपातून आल्यासारखा, "हं... सुरू करा." आणि लेकीनं चेंडू टाकला, आणि बोलली हो! आधी बारीक आवाजात... "तोंड... लाळ..." मग जठर, जठररस, मग खणखणीत, "लहान आतड्यात पित्तरस आणि स्वादुपिंडाचा रस येतो, सर!" माझे डोळे भरून आले. चेंडू निघाला मोठ्या आतड्यातून, आला शेवटाला... आणि थांबला. तिनं दाबलं. नाही. पुन्हा दाबलं. नाही! टोपली रिकामी, सगळा वर्ग टोपलीकडे बघतोय, परीक्षक म्हणतायत, "पुढे?"

आणि मला दिसल्या माझ्या दोन टिपा! अहो, घाम फुटला! लेकीचं तोंड मिटायला लागलेलं मला दिसतंय. खिशात कात्री असतेच, ती काढली नि घुसलो आत! परीक्षक खुर्चीतून उठले, "अहो, अहो! ऑपरेशन करताय की काय?" मी म्हटलं, "साहेब, नंतर बोलू, आधी घास पुढे गेला पाहिजे!"

"बाबा, थांबा!"

कोण ओरडलं? आमची मिठाची गुळणी! भरल्या वर्गात! मी कात्रीसकट जागच्या जागी. ती परीक्षकांकडे वळली. "सर, हा माणूस पाणी कमी पितो. भाज्या, फळं खात नाही, दिवसभर एका जागी बसून असतो. मोठं आतडं उरलंसुरलं पाणीही शोषून घेतं, मग मल घट्ट होतो, पुढे सरकत नाही. याला बद्धकोष्ठता म्हणतात."

हा माणूस म्हणताना माझ्याकडे कशाला बघायचं?

परीक्षक मिशीत हसले. "उपाय?"

"भरपूर पाणी, तंतुमय पदार्थ, रोज चालणं... आणि फारच झालं तर, सर, माझे बाबा कात्री घेऊन आलेतच!"

वर्ग कोसळला हसून. बाई हसल्या. पोरगी पास! अहो, पास काय, टाळ्या!

मी म्हटलं, झालं, आता ते टोक उसवून देतो. तर बाई मध्ये, "अजिबात हात लावायचा नाही! पचन सगळेच दाखवतात, हे कोण दाखवतं?" आता ते प्रयोगशाळेत कायमचं टांगलंय, चेंडूसकट. आणि लेक? ती आता गप्पच बसत नाही. आल्या-गेल्याला हात धरून तिथे नेते, आणि खाली तिनंच स्वतःच्या अक्षरात चिकटवलेली पाटी मोठ्यानं वाचून दाखवते...

"बद्धकोष्ठता. सौजन्य : माझे बाबा."