हेरन्ससाठी देव पाण्यात

सिया : आजी, मी फक्त दादाची जर्सी शोधत होते. आणि वॉशिंग मशीनच्या मागे आइस्क्रीमच्या डब्यात बाळकृष्ण आहे. पाण्याखाली. उलटा.

आजी : उलटा? सरळ कर आधी त्याला.

सिया : अन्नपूर्णा पण आहे. गणपती पण. तू मम्मीला सांगितलं होतं की देव इल्फर्डच्या दुकानात पॉलिशला दिलेत.

आजी : दिले होतेच की. कुठल्या साली, ते तुझ्या आईनं विचारलं नाही.

सिया : एप्रिलपासून देव्हाऱ्यात नुसती एक सुपारी आहे. मम्मीने त्या दुकानाला वन-स्टार रिव्ह्यू लिहिली.

आजी : काढून टाक म्हणावं. त्या बिचाऱ्याचा काय दोष.

सिया : हे ते देव पाण्यात ठेवणं ना? म्हणजे तू देवाला सांगते, माझं काम कर, नाहीतर बस तिथेच. इट्स ब्लॅकमेल, आजी.

आजी : ब्लॅकमेल कसलं? आग्रह असतो तो. माझ्या भावाच्या मॅट्रिकला आमच्या आईनं ठेवले होते. रिझल्ट लागला की बाहेर.

सिया : पण दादाच्या टीमचा, हेरन्सचा रिझल्ट तर दर वीकेंडला लागतोय. तेवीस मॅच, तेवीस लॉस. पगार घेऊन एवढं वाईट बेसबॉल अख्ख्या इंग्लंडमध्ये कोणीच खेळलं नसेल. तुझे देव ऐकतच नाहीत.

आजी : असं बोलू नये. ऐकतायत की व्यवस्थित.

सिया : व्यवस्थित?

आजी : म्हणजे, आपल्या परीनं.

सिया : आजी, इकडे बघ. तू नक्की काय मागितलं?

आजी : चहा गार होतोय बघ तुझा.

सिया : मी चहा पीत नाही. तू दादाची टीम हरावी म्हणून देव पाण्यात ठेवले?

आजी : हळू बोल. वर अंशुमनला ऐकू जाईल.

सिया : ओ माय डेज.

आजी : एखाद-दुसरी मॅच म्हटलं होतं गं मी. तेवीसच्या तेवीस कुठे मागितल्या होत्या? आमचे देव जुने आहेत, हात सैल आहे त्यांचा.

सिया : पण का?

आजी : मार्चमध्ये तो अमेरिकेचा माणूस आला होता ना, ढेरीवाला, खेळाडू शोधत फिरतो तो. जाताना दारात अंशुमनला म्हणाला, हा सीझन चांगला गेला तर तुला तिकडे ॲरिझोनाला खेळायला नेतो. माझ्या हातची साबुदाण्याची खिचडी दोनदा घेतली आणि वर नातूही मागितला.

सिया : ते दादाचं ड्रीम आहे.

आजी : माहितीये. म्हणून तर देवांना गाठलं. तुझे बाबाही ड्रीम घेऊनच या रीडिंग गावात आले. मी पुण्यात सहा वर्षं फोनशेजारी खुर्ची टाकून बसत होते. मला पुन्हा तसं बसायचं नव्हतं, सिया. स्वार्थ आहे म्हण. आहेच स्वार्थ.

सिया : दादा मला काय म्हणतो माहितीये? टीम माझ्यामुळे हरते. पिचर आहे ना तो, बॉल तोच टाकतो. हल्ली धड जेवत पण नाही.

आजी : ते मी बघतेय. मला वाटलं, तुझ्या आईचं सॅलड आहे म्हणून.

सिया : आजी.

आजी : बरं, बरं. त्याच्यामुळे नाही हरत ते. माझ्यामुळे हरतायत.

सिया : मग काढ यांना बाहेर. आज लास्ट मॅच आहे, दोन वाजता.

आजी : असे मध्येच काढता येत नाहीत. कोपतात.

सिया : मध्येच? जेवढं मागितलं त्याच्यापेक्षा बावीस जास्त केलं त्यांनी.

आजी : आणि आज जिंकले तर?

सिया : एक मॅच जिंकून कोणी ॲरिझोनाला जात नाही.

आजी : नक्की ना? मग दे तो टी-टॉवेल. तो नको, त्यानं तुझ्या बाबांनी चिकनचा ओटा पुसलाय. तो निळा दे.

अंशुमन : निळा पण नको. माझ्या बुटांचा आहे.

सिया : दादा. तू कधीपासून दारात उभा आहेस?

अंशुमन : खिचडीपासून.

आजी : अंशुमन, हे बघ, मी सांगते...

अंशुमन : डब्याचं मला जूनपासून माहितीये, आजी. इथलं पाणी हार्ड आहे. बाळकृष्णाच्या डोक्यावर लाइमस्केलचा पांढरा थर बसत होता, केटलसारखा. मी दर संडेला फिल्टरचं पाणी घालायचो.

आजी : तू घालायचास? मी आपली म्हणत होते, देवाचं तेज बघा, पाणी कसं गढूळ होत नाही.

अंशुमन : मला वाटलं, आम्ही जिंकावं म्हणून ठेवलेत. हरून घरी आलो की आधी इथे येऊन त्यांना सॉरी म्हणायचो.

(वॉशिंग मशीन फिरत राहतं.)

आजी : फार वाईट वागले रे मी तुझ्याशी.

अंशुमन : नाही गं. आणि ते अमेरिकेचे लोक टीम बघतच नाहीत. माझा बॉल किती फास्ट जातो, तेवढंच बघतात. आमचे बाकीचे पिचर इतके वाईट होते की सारखं मलाच टाकायला लागायचं. त्यांनी सगळं बघितलं. गुरुवारी मेल आली. जानेवारीत बोलावलंय.

सिया : व्हॉट?

आजी : म्हणजे हरवून हरवून माझ्याच देवांनी तुला तिकीट काढून दिलं.

अंशुमन : सॉर्ट ऑफ. मी अजून हो म्हटलं नाहीये. तुला कसं सांगायचं, तेच कळत नव्हतं.

आजी : आणि मी जाऊ नको म्हटलं तर?

अंशुमन : तर नाही जाणार.

सिया : आजी, प्लीज.

आजी : तू गप्प बस गं जरा. एवढं सोपं होतं? नुसतं तुला विचारायचं होतं? मग पाच महिने मी या तिघांना कशाला भिजत घातलं?

अंशुमन : मग काय म्हणतेस?

आजी : काय म्हणणार? जा. मी रडणार आहे, पण ते तुझ्यासमोर रडेन, चोरून काही करणार नाही आता. तो टिश्यूचा बॉक्स दे. आधी बाळकृष्णाला पुसते.

अंशुमन : मी निघू? बाराला वॉर्मअप आहे.

आजी : पाच मिनिटं थांब. साडी बदलून येते.

सिया : तू येतेस? बेसबॉलला?

आजी : येते तर. घरी बसून नुसती त्याला हरवत होते. तो टाकतो कसा, ते एकदा बघू दे मला.