चार म्हणेपर्यंत बसायचं

मला एक सांगा, तुमच्या घरात गाडीला धक्का कोण मारतं?

नाही, हसू नका, मी मनापासून विचारतेय. कारण आमच्याकडे जुनी पिकअप दुरुस्त करायची की नवी घ्यायची यावर गेली तीन वर्षं चर्चा चाललीय, आणि त्या चर्चेत सगळे बोलतात... आमचे हे बोलतात, मेकॅनिक बोलतो, मुलगी बोलते, समोरच्या गॅलरीतले श्रीनिवासराव तर हातात चहाचा कप घेऊन बोलतात... आणि बोलून झालं की सगळे माझ्याकडे बघतात. का? तर चर्चा संपलेली असते आणि गाडी सुरू करायची असते. आणि धक्का कोण मारणार? मी.

तुम्हाला सांगते, आमचा भांडी भाड्याने द्यायचा धंदा आहे. पातेली, घमेली, पिंपं, झारे, चटया. लग्न असो, वास्तुशांत असो, विहारातलं भोजनदान असो, भांडी आमची. आता शंभर माणसांच्या स्वयंपाकाची भांडी काही पिशवीत घालून नेता येत नाहीत, म्हणून अकरा वर्षांपूर्वी ही पिकअप घेतली. जुनीच घेतली. म्हणजे आमच्याकडे आली तेव्हाच ती पोक्त होती. मागच्या फाळक्यावर ह्यांनी मोठ्या हौसेनं पिवळ्या रंगात मुलीचं नाव घालून घेतलं, 'मैत्री भांडी भांडार'. त्यातलं 'मैत्री' आता दिसत नाही. माझे दोन्ही हात बरोबर तिथंच टेकतात ना! तीन वर्षं रोज टेकतात. मुलगी म्हणते, "आई, तू माझंच नाव पुसून टाकलंस." बाई गं, मी हौसेनं पुसलं का?

तर ही गाडी चावीनं सुरू होत नाही. चावी फिरवली की 'टक' असा एक आवाज येतो, आणि मग शांतता. अशी शांतता तुम्हाला ध्यानाच्या शिबिरातसुद्धा मिळणार नाही. आमचं घर पर्वतीच्या पायथ्याला, म्हणजे गल्लीला उतार आहे, एवढंच काय ते नशीब. गाडी उतारावर लावायची, पुढच्या चाकाला दगड. सकाळी मी दगड काढायचा, मग मागे जायचं, फाळक्याला हात लावून ढकलायचं, हे आत बसून दुसऱ्या गिअरला क्लच सोडतात, गाडी एक आचका देते, माझ्या तोंडावर काळा धूर सोडते आणि सुरू होते.

संपलं? संपलं नाही! सुरू झालेली गाडी थांबवायची नाही, हा ह्यांचा नियम. थांबली की बंद पडते. म्हणून हे गल्लीच्या कोपऱ्यावर गाडी हळू करतात आणि मोठ्यानं आकडे म्हणतात... "एक... दोन... तीन... चार!" चार म्हणेपर्यंत मी पळत जाऊन, दार उघडून, आत बसलेली पाहिजे. पाच नाही हं! मी एकदा विचारलं, "अहो, पाचपर्यंत म्हणा की." तर म्हणतात, "चारला जमतंय ना?" जमतंय! बावन्नाव्या वर्षी, साडी नेसून, एका हातात चपला घेऊन मी चालत्या गाडीत उडी मारते, आणि म्हणे जमतंय!

आणि वरून श्रीनिवासराव. रिटायर्ड माणूस, स्वभावानं वाईट नाही, पण गॅलरीतून खाली कधी उतरणार नाहीत. "वहिनी, जरा डावीकडून जोर लावा. काल बरा लावला होता." मी म्हटलं, "भाऊजी, येता का खाली?" तर म्हणाले, "छे छे, मला गाडीतलं काही कळत नाही."

आता तुम्ही म्हणाल, एवढा त्रास आहे तर निर्णय घेत का नाही? अहो, इथंच तर सगळं आहे! आमच्या ह्यांचं नाव समाधान. नावाप्रमाणेच माणूस. मी म्हटलं, नवा स्टार्टर बसवू या, तर म्हणतात, "आता नवी गाडीच घ्यायचीय, मग हिच्यावर कशाला घालवायचे?" बरं, पटलं. पंधरा दिवसांनी म्हटलं, मग नवी गाडी बघायला जाऊ या, तर म्हणतात, "ही चालतेय ना? मग नवी कशाला?" हेही पटलं! दोन्ही वेगवेगळं ऐकलं तर पटतंच हो. एकत्र ऐकलं की डोकं फिरतं. तीन वर्षं मी या दोन वाक्यांच्या मधे उभी आहे, फाळक्याला हात लावून.

मेकॅनिककडे गेलो. दीनानाथ त्याचं नाव. बॉनेट उघडून त्यानं दहा मिनिटं नुसतं बघितलं, एखाद्या घरात मयताला आल्यासारखं. मग म्हणाला, "ताई, गाडी एक नंबर आहे. इंजिन असलं आता मिळणार नाही." मी म्हटलं, "अहो, पण सुरू होत नाही." "तेवढं सोडलं तर एक नंबर आहे." तेवढं सोडलं तर! हे म्हणजे माणूस धडधाकट आहे, फक्त श्वास घेत नाही!

मुलगी हिंजवडीला नोकरीला. ती रविवारी लॅपटॉप घेऊन बसली. "बाबा, लिटरली सोपंय. रिपेअरचे प्लस-मायनस एका कॉलममध्ये, रिप्लेसचे दुसऱ्या. डिसिजन इमोशनल नको, डेटावर हवा." ह्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाले, "छान केलंयस गं." आणि उठून गाडी पुसायला गेले. मी तिला विचारलं, "यात माझे गुडघे कुठल्या कॉलममध्ये आहेत?" ती म्हणाली, "आई, ते क्वांटिफाय नाही करता येत." बरं. डॉक्टरांना मात्र आलं करता. एक्सरे बघून म्हणाले, "बाई, उजव्या गुडघ्यातली गादी झिजलीय. जड काही ढकलू नका." मी म्हटलं, "रिकामी असताना ढकलली तर?" त्यांना वाटलं मी बाबागाडीबद्दल विचारतेय.

खरं सांगू का? मला नवी-जुनी काही नको होतं. मला एकच हवं होतं. एक दिवस घराच्या दारातून, गाडी उभी असताना, आरामात दार उघडून आत बसावं. पदर नीट घ्यावा. पर्स मांडीवर ठेवावी. आणि मग गाडी निघावी. एवढंच. पण हे विचारलं कुणी? धक्का कोण मारणार हे सगळ्यांना पाठ, मारणारीला काय वाटतं हे कुणाला माहीत नाही!

आणि अशात गाडीच्या पासिंगची तारीख आली पंधरा दिवसांवर. म्हणजे आता एक तर सगळी दुरुस्त करून पासिंगला न्यायची, नाहीतर विकायची. तिसरा रस्ता नाही. दोन दिवस हे जेवताना बोलले नाहीत. भाजीत मीठ जास्त झालं होतं, तेही बोलले नाहीत.

आणि मग तो लोणी काळभोरचा दिवस. वास्तुशांतीची भांडी द्यायला गेलो होतो, दुपारी परत घ्यायला गेलो. मांडवातली माणसं जेवून पांगलेली. यजमान आत घोरत होते. आम्ही भांडी चढवली, ह्यांनी चावी फिरवली... टक. आणि मैदान कसं, तर पाटासारखं सपाट! उताराचं नाव नाही. मी सवयीनं मागे निघाले, आणि माझा गुडघा म्हणाला, आज नाही. खरंच सांगते, उभी राहिले ती पाय पुढे पडेना. मी तिथंच एका दगडावर बसले.

ह्यांनी बघितलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. एक शेळी होती फक्त. मग म्हणाले, "तू आत बस. मी ढकलतो."

मी? स्टेअरिंगवर? अकरा वर्षांत मी त्या बाजूला पुसायलासुद्धा बसले नव्हते. ह्यांनी दुसरा गिअर टाकून दिला, म्हणाले, "क्लच दाबून ठेव. मी 'सोड' म्हणालो की सोड." आणि गेले मागे.

पहिल्यांदा मी लवकर सोडला. गाडी जागच्या जागी थांबली, मागून "अगं आई!" असा आवाज आला. दुसऱ्यांदा उशिरा सोडला. मागून काहीच आवाज आला नाही, तेव्हा मला जास्त काळजी वाटली. आरशात बघितलं, तर हे कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघत होते. तिसऱ्यांदा "सो...ड!" आलं, मी सोडला, आणि काय सांगू तुम्हाला... गाडी थरथरली. आतून. पायापासून हातापर्यंत. तीन वर्षं मी त्या गाडीचा नुसता धूर बघितला होता हो, ती सुरू होताना आत कसं वाटतं ते मला माहीतच नव्हतं! एखाद्या म्हाताऱ्या माणसानं झोपेतून उठून "हो हो, आलो" म्हणावं, तसं.

आता पुढे? मला थांबवता कुठं येतंय! आणि नियम काय? सुरू झालेली गाडी थांबवायची नाही. मग मी नियमच पाळला. मैदानात वळवून हळू चालवत मोठ्यानं म्हटलं, "एक... दोन... तीन... चार!"

आले नाहीत. आरशात बघितलं तर एक चप्पल पायात, एक हातात, शर्ट बाहेर, तोंड उघडं, असे हे पळत येत होते. "अगं थांब!" "अहो थांबली तर बंद पडेल!" मी दुसरा फेरा घेतला. पुन्हा चार म्हटलं. पुन्हा राहिले. शेळी बाजूला झाली. तिसऱ्या फेऱ्याला मी पाचपर्यंत म्हटलं... शेवटी माणूस आपला आहे... तेव्हा कुठं दार धरून आत पडले. अक्षरशः पडले.

बराच वेळ नुसता श्वास घेत होते. मग म्हणाले, "रोज... रोज तू हे...?" मी आपली गाडी फिरवत ठेवली. पुढे म्हणाले, "नवी घेऊ. उद्याच घेऊ." तीन वर्षं, मेकॅनिक, कॉलम, डेटा... आणि निर्णय झाला तीन फेऱ्यांत!

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हटलं, "नको. हिलाच दुरुस्त करू." कसं म्हटलं मला माहीत नाही. हात अजून त्या स्टेअरिंगवर होते, ते थरथरत होतं, आणि मला वाटलं, हिला ढकलून ढकलून इथवर आणली मी, आता हिला भंगारात घालवू कशी? हे म्हणाले, "मग धक्का कोण मारणार?" मी म्हटलं, "कुणीच नाही. नवा स्टार्टर. चावीनं सुरू झाली पाहिजे. बाकी दार खिळखिळं असलं तरी चालेल."

दीनानाथनं तीन दिवस गाडी ठेवून घेतली. स्टार्टर नवा, बॅटरी नवी, पासिंगसाठी खिळखिळं दारसुद्धा नीट केलं. संध्याकाळी गाडी दारात आली. मी सकाळसाठी चांगली साडी काढून ठेवली, पर्स काढून ठेवली. मार्केट यार्डाजवळच्या हॉलवर साखरपुड्याची भांडी पोहोचवायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं दगड काढला, सवयीनं मागे गेले, फाळक्याला दोन्ही हात लावले, आणि ह्यांनी चावी फिरवली, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू होऊन माझ्या हातांखालून निघून गेली. कोपऱ्यावर हळू झाली, चार आकडे मला नीट ऐकू आले, आणि ती वळली. वरून श्रीनिवासराव म्हणाले, "वहिनी, आता हात खाली घ्या." चार म्हटलं म्हणजे मी आत बसलेच, असं धरून हे मार्केट यार्डापर्यंत माझ्याशी बोलत गेले, सिग्नलला त्यांनी विचारलं, "काय, आता खूश ना?" आणि मी काही बोलले नाही, म्हणजे खूशच असणार असं त्यांना वाटलं. मी रिक्षानं गेले.