डावीकडचा व्हॉल्व्ह

सन्माननीय अध्यक्ष महोदय, म्हणजे आपले निवृत्त प्राचार्य, त्यांच्या शेजारी विराजमान असलेले उपाध्यक्ष, म्हणजे आपले दंतवैद्य, खजिनदारबाई, आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या श्रवण मंडळाच्या मावळत्या चिटणीस, ज्यांना तुम्ही सगळे ‘बाई’ म्हणता आणि मी, त्या आमच्या घरात लग्न होऊन आल्यापासून, ‘वहिनी’ म्हणतो, आणि पंखा बरोबर डोक्यावर यावा म्हणून लवकर येऊन जागा धरलेल्या रसिक सभासदांनो,

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘दोन शब्द’ असं छापलंय. माझा स्वभाव ठाऊक असूनही ते छापलं, याबद्दल संयोजकांच्या आशावादाचं मला कौतुक वाटतं.

आत्ता अध्यक्षांनी मानपत्र वाचलं. भाषा सुंदर आहे. सेवा, निष्ठा, समर्पण, सगळं जिथल्या तिथे आहे. फक्त एका वाक्यापाशी मला ठसका लागला, आणि तो तुम्ही ऐकलाही असेल. ‘वाढत्या वयाबरोबर आलेल्या श्रवणाच्या मर्यादा ओळखून त्यांनी स्वेच्छेने पदभार सोडला.’ मंडळी, हे वाक्य कुणी लिहिलं? लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही?

नव्या सभासदांसाठी थोडं मागे जातो. आपण जमून रेकॉर्ड ऐकतो त्या मंडळाच्या खोलीतला अ‍ॅम्प्लिफायर माझ्या दादाने, म्हणजे वहिनींच्या यजमानांनी, स्वतःच्या हातांनी बांधला. आत काचेचे व्हॉल्व्ह आहेत, लालसर उजळणारे. दिव्यासारखे तेही म्हातारे होतात आणि बदलावे लागतात. कुठले घ्यायचे, यावरून रसिकांची डोकी फुटतात, म्हणून दादाने एक रीत घालून दिली. यंत्रापुढे लाकडी पडदा उभा करायचा. वेगवेगळे व्हॉल्व्ह पाळीपाळीने लावायचे, रेकॉर्ड मात्र एकच. आत कोणता लावलाय ते कुणाला सांगायचं नाही. ऐकायचं आणि जो आवडेल त्याला हात वर करायचा. डब्यावर काय छापलंय, किंमत काय, कुणाच्या मेव्हण्याने आणलाय, याला पडद्याअलीकडे प्रवेश नाही. दादा गेल्यावरही वहिनींनी ही रीत मोडू दिली नाही.

या खेपेला ती मोडली. पुढचे दोन छोटे व्हॉल्व्ह, एक डाव्या स्पीकरचा, एक उजव्या, बदलायला झाले होते, त्याबद्दल वाद नाही. उपाध्यक्षांनी घरबसल्या मोबाइलवरून नवे मागवले. पाय सोनेरी, डबा मखमली, जगभरच्या लोकांनी दिलेले तारे भरपूर. वहिनी म्हणाल्या, एकदा पडदा लावून ऐकूया. त्यावर उत्तर मिळालं की एवढ्या लोकांनी ऐकलंय, आता आपण आणखी काय ऐकायचं. अहो, मग आपण मंडळ कशासाठी काढलंय? तारे मोजायला?

व्हॉल्व्ह बसले. पहिल्याच बैठकीला वहिनी म्हणाल्या, रेकॉर्डमधल्या गाणाऱ्या बाईचा आवाज वर गेला की डावीकडे वाळू चावल्यासारखं होतंय. ते आम्हाला कुणालाच ऐकू आलं नाही. मलाही नाही. पण आम्हाला ऐकू येत नाही म्हणजे ते नाहीच, असं गृहीत धरून कार्यकारिणी मोकळी झाली, आणि वहिनींना अगदी प्रेमाने, खांद्यावर हात ठेवून, कान तपासून घ्यायला सांगितलं. त्या गेल्या. कानाचे डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहेत. त्यातलं ‘उत्तम’ कुणी ऐकलं नाही, ‘वय’ तेवढं सगळ्यांनी ऐकलं.

उपाध्यक्ष डॉक्टरसाहेब, तुम्हाला एक विचारतो, राग मानू नका. मानलात तरी चालेल. पेशंट खुर्चीत बसून म्हणाला की डावीकडची दाढ ठणकतेय, तर तुम्ही तोंडात आरसा घालून बघता, की तुमचं वय झालं म्हणून घरी पाठवता?

त्यानंतर आमच्या घरात काय झालं ते या सभागृहाला माहीत नाही. ज्या बाईने शेजारच्या खोलीतून सांगावं की रेकॉर्ड थोडी हळू फिरतेय, ती बाई फोन उचलेनाशी झाली. हाक मारली की ओ देण्याआधी विचारायची, ‘भाऊजी, मलाच हाक मारलीत ना?’ दादाच्या रेकॉर्डना हात लावणं बंद. आणि मग एके दिवशी खोलीची किल्ली तुमच्या हवाली करून, मुलीकडे राहायला जाते म्हणाल्या. याला तुम्ही ‘स्वेच्छेने’ म्हणता.

आज सकाळी, शेवटचं ऐकून घ्या म्हणून मी त्यांना खोलीवर नेलं. त्यांना बाहेर बसवून पडदा उभा केला, यंत्र थंडच होतं, आणि पुढच्या दोन छोट्या व्हॉल्व्हची अदलाबदल केली. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. बाकी कशाला हात लावला नाही. मग त्यांना आत बोलावून तीच रेकॉर्ड लावली. दोष कानात असेल तर वाळू डावीकडेच राहायला हवी, बरोबर?

गाणाऱ्या बाईचा आवाज वर गेला आणि वहिनींचा हात उजव्या कानाकडे गेला. डोळे भरून आले. म्हणाल्या, ‘भाऊजी, आता दुसराही गेला वाटतं.’

मंडळी, हे वाक्य मला आयुष्यभर विसरता येणार नाही. यंत्रातल्या वाळूने जागा बदलली, ती त्या बाईने अचूक ओळखली, आणि तरीही दोष स्वतःवरच घेतला. इतकं पक्कं शिकवलंत तुम्ही त्यांना.

मी पडदा बाजूला करून अदलाबदल दाखवली. त्यांनी वाकून दोन्ही व्हॉल्व्ह नीट पाहिले. मग डोळे पुसून म्हणाल्या, सभेत यातलं काही बोलू नका, डॉक्टरांना वाईट वाटेल. मी हो म्हणालो. वहिनी, मी तुमचं ऐकलं नाही. तुम्हाला ऐकू येतं हे मोठ्याने सांगायला दुसरी जागा मला सापडली नाही.

यंत्र खोलीत आहे, पडदा उभा आहे. चहापानानंतर ज्यांना खात्री करून घ्यायची असेल त्यांनी यावं. पहिली खुर्ची उपाध्यक्षांसाठी राखून ठेवली आहे.

असो. मला बोलू दिल्याबद्दल, म्हणजे माइक काढून न घेतल्याबद्दल, संयोजकांचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादा शब्द जड गेला असेल, तर पोटात घाला. वहिनी मुलीकडे जाणार असतील तर आनंदाने जाऊ देत. फक्त मानपत्रातलं ते वाक्य आत्ता, इथे, सगळ्यांदेखत खोडा, अध्यक्ष महोदय. पेन माझ्याकडे आहे. बाईंना जाताना त्यांचे कान परत द्या.