दम तुटला नव्हता

विषय : आमच्या कॉलेजचा कबड्डी संघ हंगामातला फक्त शेवटचा सामना हरल्याबाबत.

हसू नका. मी त्याच कॉलेजात कारकून होतो. विषय मांडल्याशिवाय मला बोलता येत नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. वर्षभर आमचा संघ कुणाला हरला नव्हता. मलकापुरात अंतिम सामना, गुण बरोबरीत, आणि शेवटची चढाई आमचा कप्तान किसन याची. किसन धामणगाव बढ्याचा. गावात हुतूतू खेळून वाढलेला, ‘कबड्डी कबड्डी’ म्हणायला कॉलेजात शिकलेला. त्याने एकाला शिवलं, दुसऱ्याने त्याचा पाय धरला. त्याला ओढतच किसन रेषेकडे निघाला. दम संपत आला तशी जीभ गावाकडे वळली, “हुतूतूतू...”

हात रेषेपार गेला आणि पंचांची शिट्टी वाजली.

“बाद! शब्द चुकला.”

“काऊन बाद, साहेब? दम तर तुटला नाही माहा!”

“नियमात कबड्डीच आहे.”

“मंग मराठीचं राज्य काय नुसतं झेंड्यापुरतं झालं?”

पंचांनी गुण समोरच्या संघाला दिला. एका गुणाने ढाल गेली. किसन त्या रात्री दोन घासही जेवला नाही. मला म्हणाला, “भाऊ, अर्ज करा.” हुतूतू हा शब्द कबड्डीसमान धरावा, असा रीतसर अर्ज मी वर पाठवला.

परवा मोताळ्याच्या बाजारात किसन भेटला, नातवाला घेऊन.

“भाऊ, आलं काही उत्तर?”

“नाही.”

“मंग आपण अजून हारलो कुठी?”

अर्ज विचाराधीन आहे.