ताटलीतली कुस्ती

नाही, पण मला सांगा, यात दीपमालाचं काय चुकलं? आमच्या दवाखान्यात एचआयव्हीच्या पेशंटना समजावून सांगणं हेच तिचं काम, मी शेजारच्या टेबलावर, सगळं कानावर येतंच… नावं बदलून सांगतोय हां, गावही आपलं तामलवाडी धरा. तर उत्तरेश्वरकाका आणि तुळजाबाई. दोघांचेही पहिले जोडीदार गेलेले, दोघंही पॉझिटिव्ह, चार वर्षांपूर्वी दोघांनी लग्न केलं, आणि मग म्हणे, "दोघांला बी हायच की, आता कशाला निरोध?" त्यात मध्ये पाच महिने दोघांनी गोळ्या सोडल्या, का, तर बरं वाटतंय म्हणून… झालं. काकांच्या रक्तात दोन विषाणू सापडले, एक त्यांचा जुना आणि एक तुळजाबाईंकडून आलेला नवा!

रक्त गेलं पुण्याला. काका म्हणाले, "तिथं करत्यात काय?" दीपमाला म्हणाली, काका, दोन्ही विषाणूंना एका काचेच्या ताटलीत सोडतात, कोण जास्त वाढतोय बघतात, कुस्तीच समजा. आणि आपल्या गोळीला दोघं दबतात का तेही बघतात, नवा दबला नाही तर मात्र अवघड आहे. सोपं करून सांगितलं बिचारीनं. यात तिचं काय चुकलं?

दुसऱ्या दिवसापासून फोन. तुम्हाला सांगतो, सकाळी साडेदहाला काका, "म्याडम, कुस्ती कुठवर आली? हिचाच जिंकणार बघा, घरात तरी दुसऱ्या कुणाचं चालतंय?" ती त्यांचा फोन ठेवतेय न ठेवतेय तोच तुळजाबाई, गोठ्यामागून, एकदम हळू, "बाई, माझा हरू द्या हो. माझ्यामुळं ह्यांना काय झालं तर म्या कुठं तोंड दावू? येरमाळ्याला जाऊन येडाई देवीला नवस बोलून आलेय, माझा हरू दे म्हणून." आता दीपमालानं काय करायचं, पुण्याला फोन लावून निकाल फिरवायचा? सहा आठवडे पोरगी डबा खाताना मोबाईल पालथा ठेवायची. काय चुकलं हो तिचं?

परवा रिपोर्ट आला. दोघं समोर बसलेले, दीपमालानं आधी मनात वाचला, परत वाचला, मग सांगितलं… नवा कमजोर आहे, जुन्यासमोर जेमतेम वाढला, आणि आहे त्याच गोळीला दोघंही दबतात. फक्त आता गोळी चुकवायची नाही आणि निरोध सोडायचा नाही. तुळजाबाई खुर्चीवरनं उठल्या त्या थेट फरशीवरच बसल्या, पदर तोंडाला, रडतायत का हसतायत तेच कळेना. इकडं दीपमालाचंही नाक वाहतंय, आणि पुसतेय कशाला, तर माझ्या रुमालाला. मी आपला रजिस्टरात डोकं घालून, कारण माझंही काही खरं नव्हतं…

काका मात्र नुसते रिपोर्टाकडं बघत बसलेले. दीपमाला घाबरली. "काका, कळलं ना? चांगलं झालंय सगळं."

"कळलं की," काका म्हणाले, आणि हा एवढा मोठा सुस्कारा. "चार वर्षांत बायकोपुढं पैल्यांदा जिंकलो म्याडम… अन् गावात कुणाला सांगायची बी सोय न्हाय."