दादाच्या ट्रेलरचं छप्पर

तुम्हाला हसायचं असेल तर हसा, वहिनीसुद्धा हसली. आनंदनगरच्या कंपनीतून सुटला की दादा अंगणात ट्रेलर बनवत बसायचा, आठवतं ना? जीपच्या मागे जोडायचा, बारवी धरणाजवळ न्यायचा आणि त्यातच झोपायचं, एवढंच त्याचं स्वप्न. फक्त छप्पर राहिलं आणि दादा गेला. अजून महिना झाला नाही. त्याच्या चपला दारातच आहेत.

मी म्हटलं, छप्पर मीच पुरं करणार. उल्हासनगरच्या एका सिंधी शेठकडून जाड रबरी शीट आणली. शेठ म्हणाला, "पूरा एक पीस है बेटा. जोड नहीं, छेद नहीं, तो पानी भी नहीं." वहिनीने आणि मी दिवसभर सोल्युशन लावून ती ताणून चिकटवली. हवेचा एक फुगा राहू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी टाकून बघायचं ठरलं. दादा जिथे झोपणार होता, त्याच फळीवर मी आडवा झालो. वहिनीने शिडीवरून बादली ओतली आणि धार थेट माझ्या नाकावर!

"वहिनी, शेठने फसवलं! आत्ताच जाऊन त्याची कॉलर धरतो!"

"थांबा भावोजी. इथे वर खिळा कुणी ठोकलाय?"

"मी, सकाळी. लिंबू-मिरची नको लावायला? नवीन गाडीला नजर लागते."

"म्हणून छपरातच ठोकलात?"

"मग, उंचावरच लावणार ना!"

वहिनी शिडीला धरून हसत सुटली. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच.

मी भिजलेला तसाच पडून राहिलो. म्हटलं, "वहिनी, आणखी एक बादली ओता."