वन्सं हॉलमध्येच बसतील

आधी एक गोष्ट लिहून घ्या, म्हणजे पुढे घोटाळा नको. मी डॉक्टर आहे, पण गोळ्या देणारी नाही. प्रबंध लिहून झालेली डॉक्टर. हे मी आयुष्यभर सांगत आले आणि आयुष्यभर कुणीही ऐकलं नाही, लग्नात अक्षता हातात असतानासुद्धा लोक मला कोपऱ्यात ओढतात, ताई, आमच्या सूनबाईंना झोप येत नाही, काहीतरी द्या ना. अहो, काय देऊ? माझ्याकडे रिपोर्ट आहेत, ते देऊ का उशाला?

मी मूळची भुसावळची. वडील रेल्वेत, आम्ही चार बहिणी. मुंबईला समाजकार्य शिकले आणि लग्न करून दिल्लीला आले ती थेट सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात. खोल्या दोन, माणसं पाच. आम्ही दोघं, सासूबाई, पुढे आमची मीनल, आणि वन्सं. वन्सं म्हणजे यांची मोठी बहीण, सुमन. त्यांना लग्नानंतर भास व्हायला लागले, कुणीतरी सतत बोलतंय असं वाटायचं, तर सासरच्यांनी एका ट्रंकेसकट आणून सोडलं आणि परत तोंड दाखवलं नाही. औषध लागू पडलं, वन्सं छान बऱ्या झाल्या. रोज एक गोळी घ्यायची, बस. थंडीत क्वार्टरांपुढे खाटा टाकून सगळ्या बायका उन्हात बसायच्या, त्यात वन्सं पंजाबी शेजारणींबरोबर स्वेटर विणायच्या, आणि त्या अख्ख्या ब्लॉकला माहीत होतं त्यांना काय झालं होतं ते. कुणाचं काही अडलं नाही.

माझा विषय तिथेच मिळाला मला. बरी झालेली माणसं घरी का जात नाहीत? इस्पितळात जाऊन बघितलं तर कितीतरी बायका ठणठणीत, भाजी निवडतायत, गाणी म्हणतायत, आणि न्यायला कुणी येत नाही. त्यावर प्रबंध लिहिला, विद्यापीठात सामाजिक धोरण शिकवायला लागले, सरकारी कमिट्यांवर गेले. आता कमिटी म्हणजे काय सांगू तुम्हाला! मी म्हणायचे, या बायकांसाठी वस्तीत साधी घरं हवीत. आरोग्यवाले म्हणायचे, मॅडम, ये तो वेलफेअर का मामला है. वेलफेअरवाले म्हणायचे, बीमारी है ना, तो हेल्थ का हुआ. बिस्किटं मात्र दोन्हीकडे एकच. बरी झालेली बाई कुणाच्याच खात्यात बसत नाही हो, ना घरच्यांच्या ना सरकारच्या. माझी फाइल आणि त्या बायका, दोघींची एकच गत.

मग ते दिवस आले, बाजार उघडला, नव्या गाड्या, नवे चॅनल, जो तो नोएडात फ्लॅट बुक करत सुटला. आम्हीही केला. तीन खोल्या, दोन बाल्कन्या, सासूबाईंना लिफ्टची भीती. आणि गंमत बघा, दोन खोल्यांत वन्सं मावत होत्या, तीन खोल्यांत आल्यावर जो तो मला विचारायला लागला, यांना कायमच इथे ठेवणार का? तिथे खाट नव्हती, शेजार नव्हता, सगळी दारं बंद. वन्सं बाल्कनीत एकट्याच विणत बसायच्या.

मीनलचं स्थळ आलं ते तेव्हा. मुलगा गुरगावला संगणक कंपनीत, घर फरिदाबादला, पत्रिका जुळलेली, फोटोवरून पसंती झालेली. मध्यस्थ होत्या आमच्या मराठी मंडळातल्या एक मावशी. त्या म्हणाल्या, सगळं बिल्कुल ठरल्यासारखं आहे, फक्त त्या दिवशी नणंदबाईंना सरोजिनी नगरला जुन्या शेजारणीकडे पाठवा, एका दुपारचा तर प्रश्न. सासूबाई म्हणाल्या, पाठव. हे म्हणाले, पाठवू या. मी नेमकी त्याच दिवशी परिषदेतून आले होते, कुटुंब माणसाला कसं लपवतं यावर बोलून, टाळ्या घेऊन. मी म्हटलं, वन्सं कुठेही जाणार नाहीत, हॉलमध्येच बसतील. हे म्हणाले, तुझी भाषणं घरात नकोत. वन्सं आपल्या शांतपणे म्हणतात, मी चहा करते आणि आत जाऊन पडते, चालेल ना? मला इतकं रडू आलं. मी म्हटलं, नाही चालणार. मीनल त्याचा फोटो पाकिटातून काढून पुन्हा बघत होती. तिला तो मुलगा आवडला होता, ते मला दिसत होतं, आणि तरी मी हटले नाही.

आली मंडळी. वन्संनी चहा आणला, वेलची घालून, आणि बसल्या खुर्चीवर. मुलाच्या आईने विचारलं, या कोण? म्हटलं, माझ्या नणंदबाई. इथेच असतात का? म्हटलं हो, मध्यंतरी मनाचा आजार झाला होता, आता बऱ्या आहेत, रोज एक गोळी घेतात आणि माझं सगळं घर बघतात. बाईंचा कप ओठांपर्यंत गेला होता, तो तिथूनच खाली आला, बशीत. नंतर त्याच्यावर साय धरली. त्या उठेपर्यंत आमच्या फ्लॅटचं कौतुक करत होत्या, हवा किती छान खेळते म्हणून.

दोन दिवसांनी मावशींचा फोन. पत्रिका जुळत नाही म्हणे. अहो, जुळलेली पत्रिका! मीनल माझ्याशी बोलेना. हे बोलत होते तेवढं पुरे होतं. वन्संनी ते कप पुन्हा बाहेर काढलेच नाहीत.

आणि मग काय व्हावं? महिन्याभराने, रविवारी दुपारी, जरा पाठ टेकली होती तर फोन. हळू आवाजात. ताई, मी फरिदाबादहून बोलतेय, एक विचारायचं होतं, माझ्या एका मैत्रिणीचा भाऊ आहे, आंघोळ करत नाही, स्वतःशीच बोलतो. तिसऱ्या रविवारी मैत्रिणीचा भाऊ त्यांचा स्वतःचा भाऊ झाला. गच्चीवरच्या खोलीत असतो, बाहेरून कडी. म्हणजे माझ्या सोफ्यावर बसून कप खाली ठेवला, तेव्हाही तो वर कडीतच होता! माझ्या अगदी तोंडावर आलं होतं, बाई, आपली पत्रिका जुळत नाही. पण ते गिळलं. सरकारी ओपीडी कुठली, कधी जायचं, काय सांगायचं, सगळं सांगितलं. मीनल म्हणाली, यार आई, त्या बाईशी तू बोलतेस? तिचं बरोबर होतं. पण वर कडीतल्या माणसाने माझं काय घोडं मारलं होतं?

तेव्हापासून दर रविवारी फोन. शेवटी वन्सं उचलायला लागल्या. ती झोपलीय, मला सांगा. गोळीने तोंड सुकतं का त्याचं? होतं तसं, पाणी द्या, गोळी थांबवू नका, आणि आधी ती कडी काढा. आतून ऐकू यायचं मला.

मीनलने पुढे आपलं आपणच जमवलं, ऑफिसातला पहाडी मुलगा, त्याची आई वन्संना दीदी म्हणते. सासूबाई गेल्या. मी रिटायर झाले. माझी फाइल अजून दोन खात्यांच्या मधेच कुठेतरी असेल.

आणि एका थंडीत त्या बाई आल्या, भावाला घेऊन. दाढी केलेला, धुतलेला स्वेटर, माझ्या त्याच सोफ्यावर अवघडून बसला. वन्संनी ते कप काढले. बाईंनी एक घोट घेतला आणि म्हणतात काय, साखर जरा कमी आहे हो.

वन्सं म्हणाल्या, मागच्या वेळी प्यायला असतात तर तेव्हाच कळलं असतं. आणि साखरेचा डबा पुढे केला.

तो भाऊ हसला. मोठ्याने. बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या, म्हणाल्या, किती वर्षांनी हसला हा, आणि मग रडल्या माझ्या सोफ्यावर.

आता ती दोघं दर रविवारी येतात, फोनवर भागत नाही. माझी दुपारची झोप गेली ती गेलीच. असू दे. ज्याचं माणूस त्याच्या घरात राहो, बाकी मला काही नको. चहा घ्या तुम्ही, आणि गार करू नका. वन्सं आतून बघतायत.